मधली वर्षं

केसरबाई: अन् मंग मधली वर्षं कुठी गेली? आता तुह्या त्या लॅपटॉपवर मी स्टेजवर गाऊन राह्यली होती, अन् लगेच माहे केस पांढरे?

अनुपमा: काढलीत मावशी. मीच काढली. तुमच्या भावाचा फोन आला होता पुण्याला.

केसरबाई: संघपालचा? काय म्हणे?

अनुपमा: म्हणाले, आमच्या समाजातल्या एका गाणाऱ्या बाईवर कधी नव्हे ती फिल्म होतेय, तर लोकांनी तिचं गाणं बघावं, आजार कशाला? त्यात त्यांच्या मुलीचं, पायलचं, लग्न जमतंय. आणि मलाही पटलं ते. गरिबाघरची गाणारी बाई पडद्यावर आली की शेवटी तिला वेडी करून मारतात. मला तसं करायचं नव्हतं.

केसरबाई: पण मी तं मेली नाई.

अनुपमा: नाही.

केसरबाई: मंग आइक. कॅमेऱ्यापुढं म्या अर्धंच सांगतलं. धामणगाव बढ्याले बाबासाहेबाच्या जयंतीचा कार्यक्रम होता. पेटीवर संघपाल. दुसरं कडवं घेतलं, अन् कानात कोणीतरी शिव्या देऊन राह्यलं. समोर लोक टाळ्या वाजवत होते. म्या माइक खाली ठेवला अन् मांडवातून निघून गेली, अनवाणी. सकाळी रुखमाबाई म्हणून एक बाई, तिच्या वांग्याच्या वावरात सापडली मी. तिनं पाणी पाजलं, माहं लुगडं सारखं केलं. इचारलं काईच नाई.

अनुपमा: मग दवाखान्यात नेलं?

केसरबाई: आधी चोरून एका बुवाकडं. जन्मभर बाबासाहेबाचे गाणे गायलेली मी, अन् माह्यावरून लिंबू उतरवून राह्यले. भान नव्हतं, तरी लाज वाटली. डाक्टर मंग. गोळ्यायनं हात थरथरत, जीभ जड. खालच्या पट्टीत पुन्हा गायले शिकली. पण तवापासून आमच्या गायनपार्टीनं बलावलं नाई. विहारात जाते, तं माह्या बाजूची जागा रिकामी राह्यते.

अनुपमा: हे सगळं घालायचं का फिल्ममध्ये?

केसरबाई: घाल. मले तवा वाटे, जगात हे माह्या एकटीलेच झालं. अशी एखादी बाई कुठी पाह्यली असती ना म्या, गोळी घेऊन गाणारी… लाव संघपालले फोन. मीच सांगते त्याले.

(अनुपमा फोन लावून स्पीकरवर ठेवते.)

संघपाल: बोल ताई.

केसरबाई: सिनेमात माही बिमारी राहू दे म्हणते मी.

संघपाल: काऊन पण? लोक विसरले होते. तू काऊन आठोन करून देऊन राह्यली?

केसरबाई: विसरले नाईत रे. नुसते येत नाईत.

संघपाल: पायलचं तरी पाय.

केसरबाई: तिचा लई इचार केला. तिच्या घरात अशी आत्या हाये, हे तिनं लपवत जगावं का जन्मभर?

संघपाल: मंग लग्नाले येऊ नको, ताई. मी हात जोडून सांगतो.

केसरबाई: हाव. पायलले सांग, आत्या राग धरत नाई. ठेव.

अनुपमा: मावशी, अजूनही काढता येईल.

केसरबाई: नको. अन् पाय, त्या भागात ते रडकं संगीत टाकू नको. मी आता गाते तसं गाणं ठेव, जड जिभेचं.

अनुपमा: ठेवते. ते आवाज अजून येतात कानात?

केसरबाई: नाई. पार बंद झाले. बरंच झालं, शिव्या देत मले. पण दिवसभर घरात कोणीतरी बोलत तरी होतं.

(अनुपमा लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवते.)

केसरबाई: जेवून जाय तू. एकटीपुरत्या भाकरी मले अजून जमत नाईत.