सात नंबरच्या टाकीतला दगड

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे मत्स्यालयप्रमुख साहेब, त्यांच्या सौभाग्यवती आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मला बोलायची सवय नाही. खाद्याच्या खोलीत माशांसाठी शिंपले सोलणारी मी. तिथे भाषण ऐकायला कुणी नसतं. सात नंबरची टाकी सांभाळणारा माझा दादा असता, तर आज तोच बोलला असता. त्याला जाऊन तेवीस दिवस झाले. साहेब, त्याच्या आजारपणात तुम्ही दोनदा घरी आलात, हे आम्ही विसरणार नाही.

चार वाजायला वीस मिनिटं आहेत, म्हणून जरा घाई करते.

सात नंबरमधला फुलपाखरू मासा, आपला हळद्या, अकरा दिवस जेवला नाही. सगळे म्हणाले, "सांभाळणारा गेला, मुक्या जिवानं अन्न सोडलं." वर्तमानपत्रातही तसंच आलं. खरं सांगू? मलाही ते बरं वाटलं. माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता. वाटलं, चला, कुणीतरी सोबतीला आहे.

पण तसं नव्हतं. दादाची शोकसभा बाराव्या दिवशी सात नंबरसमोर ठेवली, तेव्हा टाकी लख्ख दिसावी म्हणून मीच ती घासली. कोपऱ्यात मेलेल्या प्रवाळाचा एक शेवाळलेला दगड होता. ओंगळ दिसत होता, म्हणून फेकून दिला. दादा त्याच दगडाच्या भोकांत शिंपल्याचं मांस बारीक करून भरायचा. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. मी चिडवायचे, "जावयाचे सुद्धा कुणी इतके लाड करत नाही रे!" तो म्हणायचा, "अगं, याचं तोंड बघ, चिमट्यासारखं. हा प्रवाळ टोचून खाणारा. पाण्यात तरंगतं ते याच्या लेखी अन्नच नाही."

इतकं ऐकूनही मी दगड फेकला. परवा ते लक्षात आलं, तरी दोन दिवस गप्प बसले. सगळे हळद्याच्या दुःखानं हळहळत होते. मध्येच उठून ‘चूक माझी’ कोण म्हणणार?

आज सकाळी कोठारातून दुसरा दगड आणला, भोकांत मांस भरलं. हळद्या तासभर फिरकलाच नाही. मग आला आणि तीनदा टोचलं. तीनदाच.

आणि साहेब, नेमकी त्याच सुमारास तुम्ही सही केलीत: एकटेपणामुळे खात नाही, चार वाजता मोठ्या टाकीत हलवा. तुम्ही भल्यासाठीच केलंत. पण तिथले दांडगे मासे त्याला घासाजवळ येऊ देतील का? भांडायला त्याच्या अंगात आता काय उरलंय? बादली-जाळी घेऊन दोघं शेवटच्या रांगेत बसलेत, कार्यक्रम संपायची वाट बघत.

साहेबांबद्दल चार शब्द बोलायला मला उभं केलं होतं. माझ्याजवळ विनंतीच आहे. हळद्याला आठ दिवस तिथेच राहू द्या.

नाही साहेब, मान हललेली इथून कळत नाही. तोंडानं सांगा.

"राहू दे"? ऐकलंत ना, मागच्या रांगेवाल्यांनो? ठेवा ती जाळी खाली.

साहेब, मनापासून आभार. तुमचं उत्तराचं भाषण ऐकायला मी थांबणार नाही, हळद्याची वेळ झालीय. निरोपाच्या कार्यक्रमाला न शोभणारं काही बोलले असेन, तर घरचीच समजून पोटात घाला. आधीचं मांस त्यानं संपवलं असलं तर नवं भरायचंय. नसलं तर काढून टाकायला हवं, पाणी नासतं.