पेढे कशाचे?

श्रीरामपूरहून कोल्हारला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघं बसले होते. खिडकीकडच्याच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा होता.

"काय सहादू, पेढे कशाचे?"

"नोकरीचे."

"म्हंजी सोडलं मोटार वायंडिंगचं दुकान? कोल्हारवाला दीडपट पगार देतोय म्हनला हुतास."

"काल सोडायलाच गेल्तो. इतक्या वर्सांचे मालक, म्हनलं तोंड गोड करून सांगावं. पेढे घेऊन गेलो."

"मग?"

"मालकांनी एक देवापुढं ठिवला, एक माज्या तोंडात घातला. म्हनले, कशाचे रं?"

"सांगायचं की!"

"तोंडात पेढा हुता ना."

"गिळायचा!"

"गिळस्तवर तेच म्हनले, पोरगी पास झाली व्हय? मी मान हलवली."

"आरं, परीक्षा तर पुढच्या महिन्यात हाय तिची!"

"आता तुला ठावं हाय, त्यांना न्हाई. त्यांनी खिशातला सोताचा पेन काढून दिला तिला. मग मी कोनत्या तोंडानं सांगू, सोडून चाललो म्हनून?"

"आन् हा पुडा?"

"कोल्हारवाल्याला. न्हाई म्हनायला रिकाम्या हातानं कसं जायचं?"

"वहिनीला सांगितलं का?"

"तिनं परवाच गल्लीत पेढे वाटलेत, कोल्हारच्या नोकरीचे."

"लई अवघड हाय गड्या तुजं. आन् कोल्हारवाल्यानं बी आधी तुज्याच तोंडात पेढा घातला तर?"

"तर काय! सोमवारपासनं दोन्हीकडं कामाला."