दर्भाचा पुतळा

वाल वाळत घालायचे दिवस होते बघा. पोशीरच्या आमच्या अंगणात आई आणि मी तेच करत होतो, तेवढ्यात वसंताचा मित्र आला. वसंता म्हणजे माझा धाकटा भाऊ. दोघं मिळून हिमालयात गेले होते, आणि हा एकटाच दारात उभा.

"वसंता हिमनदीच्या भेगेत पडला. खूप शोधलं, सापडला नाही."

आई वाल पसरतच राहिली. मित्र आमच्याकडेच थांबला. तिसऱ्या दिवशी भटजी म्हणाले, "देह नसला तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात."

तेव्हा आई मित्राकडे वळली. "काय रं, ती हिमनदी बी नदीच हाय ना? वसंता सांगायचा, बर्फ सरकत खाली येतो."

"हो काकू, पण फार हळू."

"आन् आत पडलेलं?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "तेही येतं. कधीकधी पन्नास वर्षांनी."

"मंग येईल की! उल्हासेत वाहून गेलेली म्हस खाली नेरळला मिळती. गवत कशाला जाळताय माज्या पोराच्या नावानं?"

भटजी उठून गेले.

पुढे आई गेली. तिचे दिवस मी रीतसर केले. वसंताचे अजून केलेले नाहीत.