साक्षीची जास्वंद

हसू नका, पण वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट असूनही कोन गावच्या शाळेत झाडांची निगा शिकवायला मी बिचकतच गेलो होतो. पहिल्याच दिवशी सातवीतली साक्षी तिची वाळलेली जास्वंद घेऊन आली.

"सर, मेली काय ही?"

मला कुठे खात्री होती! फांदी नखाने जराशी खरवडली, तर आत तपकिरी. अगदी बुंध्याशी खरवडली, तेव्हा हिरवं दिसलं.

"जिवंत आहे गं," म्हणालो. तिच्यापेक्षा मलाच हायसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात पाहतो, तर शाळेतल्या एकूणएक झाडाची साल खरवडलेली! मी मटकन बाकावर बसलो.

साक्षी धावत आली. "घाबरू नका सर, सगली तपासली. एक पन मेलं न्हाय!"