परकराच्या नाडीची जखम

मंडळी, एक सांगा. देह नाशवंत आहे, पटतं ना? वा! मान डोलवायला सगळे पुढे! मग या नाशवंत देहाला जपणं हा मोह, की धर्म? आता कसे एकमेकांकडे बघायला लागलात! बरं, ऐका.

वर्ध्याकडच्या एका गावात द्रौपदाबाई नावाची माउली. जन्म गेला कापूस वेचण्यात. वेचलेला कापूस ठेवायला कमरेला लुगड्याची ओटी बांधायची. ओटी भरली की कापसाच्या भारानं लुगडं खाली ओढलं जायचं, म्हणून परकराची नाडी करकचून आवळायची. रोज! त्याच जागी! आधी तिथं काळा घट्टा पडला. मग वय झालं, कातडी पातळ झाली, सुकली — अन् घट्ट्याला चीर गेली. चिरेची जखम झाली. बाई काय करी? हळद भरी, अन् वरून पुन्हा नाडी आवळी! भरेल कशी हो? वर्ष उलटलं. कुणाला सांगितलं? छे! कंबर का कुणाला दाखवायची असते!

आला दिवाळीचा पाडवा. नवऱ्याला, गणूजीला, पाटावर बसवून ती तेल लावत होती. पाठभर सुरकुत्या, डाग! म्हणाली, "पाठ हाये का पिकल्या केळाचं साल जी?"

गणूजी भारी रसिक! म्हणतो, "उठ. यंदा म्या लावतो तुले तेल!"

"अवो, सून पाहीन ना!"

"पाहू दे!"

हसत हसत त्यानं कमरेला हात लावला मात्र — "आई वो!" करून ती कळवळली. बोटांना रक्त!

म्हातारा पांढराफटक. "हे कधीपासून?"

"काही नाही जी. देह मातीचा हाये, कीर्तनात सांगतेत. जाईन मातीत."

घ्या! आमचंच ज्ञान!

गणूजी रडायला लागला, मंडळी. म्हणाला, "अवं, आपलं घर बी मातीचंच हाये. मंग काहून सारवतं सणासुदीले? पडू दे म्हन ना! तू गेल्यावर म्या कोनाशी बोलू?"

"भाऊबीज तरी होऊ द्या," ती म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. सुनेला घेऊन तिघं दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला, अन् निकाल आल्यावर हात धरून सांगितलं, "आजी, हा कातडीचा कॅन्सर आहे. वर्षानुवर्षं एकच जागा घासली गेली. जखम भरायची, उकलायची, शेवटी तिची वाढच बिघडली. पण खोल गेला नाही. काढू आपण."

काढला! बाई वाचली, हो! आता परकराला नाडी नाही, रुंद कापडी पट्टा आहे. अन् तो सैल बांधलाय का, हे गणूजी रोज विचारतो. गाव हसतं. हसू दे!

मग सांगा, मोह की धर्म?

आयाबायांनो, मी बोलत होतो तेव्हा तुमच्यातल्या एखादीचा हात आपसूक कमरेकडे गेला असेल. मी पाहिलं नाही, माउली. पण शेजारी बसलीय ना, तिच्या कानात आत्ता सांग. टाळकरी, थांबा जरा. नाम नंतर घेऊ. तिचं सांगून होऊ द्या.