गुरुजीनं मरू न दिलेला पोट्टा

...अन् वरून मलेच म्हणतात, गुरुजी, पुढचं सांगा! तुमाले सांगतो, बावीस वर्षं मी गणित शिकवून राह्यलो, आजवर एका पोट्ट्यानं म्हणलं नाही का गुरुजी, पुढचं सांगा. अन् दवाखान्यात पंधरा बाया मले घेरून बसतात! मी गणिताचा मास्तर, बाप्पा! मले कुठून गोष्टी येतात?

झालं काय, माझी पोट्टी प्रीती, सतरा वर्षांची, तिले थॅलेसेमिया. दर तीन हप्त्यानं आदिलाबादले रक्त चढवा लागते. पिशवी थेंबथेंब उतरते, सहा-सहा घंटे, अन् आमी मायबाप बाकावर बसून पंखा पाहतो. आमच्या घरी पुढचं कोणी बोलत नाही. बारावीनंतर काय, लगन कवा... काही नाही. पुढची पिशवी भेटली का, बस्स, तेवढंच पुढचं.

त्यात बाजूच्या पलंगावर पंकज. बासरच्या कॉलेजात शिकते, त्यालेही हेच दुखणं. यानं प्रीतीले एक इंग्रजी कादंबरी देली, अन् पोट्टी वाचून जे रडली... इकडून रक्त जाऊन राह्यलं, तिकडून पाणी येऊन राह्यलं! मंग मी वाचलं. बाप आहो ना! तं काय? एक पोट्टा, एक पोट्टी, दोघंही बिमार, दोघायचं प्रेम! दिवसभर हिंडतात, हॉटेलात खातात, पण एकही बाप बाकावर बसलेला दिसत नाही! अहो, गोळ्या कोण आणते? चिठ्ठी घेऊन लाइनीत कोण उभं राहते? मी गणिताचा मास्तर, मले उत्तर जुळलं पाहिजे!

पंकजची माय कौशल्याबाई म्हणते, "गुरुजी, एकटेच काऊन वाचता? माझं पोट्टं काय वाचते, आमालेही समजू द्या." सांगितलं थोडं. झालं! साऱ्या बाया सरकून आल्या. एक म्हणते, "व माय, पोरीले घरचे खाऊ घालत नाही काय?" दुसरी म्हणते, "रक्तगट कोणता त्यायचा?" अन् सिस्टर, सुई हातात धरून, "तरवात, सार? तरवात?" तेलुगूत पुढं काय, म्हून! अहो बाई, आदी त्या लेकराची सुई लावा!

तीन फेऱ्या असंच चाललं. चौथ्या फेरीले शेवट आला. अन् शेवटाले... मरते ना थो पोट्टा! लिहिणाऱ्याचं काय जाते? एक ओळ लिहिली, मारला, मोकळा! माझ्यासमोर पंधरा माया, एकेकीचं लेकरू पलंगावर. कौशल्याबाईनं डबा अर्धाच उघडला, हात तसाच. म्हणते, "मंग गुरुजी? वाचला ना पोट्टा?"

तुमी काय म्हणले असते? मी पान उलटलं, थे होतं कोरं, अन् त्या कोऱ्या पानाकडं पाहून म्हणलं, "मंग... थो बरा झाला." टाळ्या! सिस्टर म्हणते, तरवात? तरवात काय, नोकरी लागली. कुठं? आपल्या आदिलाबादजवळच्या मावला गावात, मावल्याच्या शाळेत! विदेशातला पोट्टा, मावल्याच्या शाळेत! तरवात? लगन झालं. "पोरीच्या बापानं हो म्हणलं?" म्हणलं ना, खुशीनं म्हणलं! मी गणिताचा मास्तर, एक पायरी चुकली अन् पुढं नेतच राह्यलो, नेतच राह्यलो...

प्रीतीकडं पाहायले मी भेलो. तिनं पुस्तक वाचलेलं, तिले सारं माहीत. पाहिलं, तं डोळे पुसून हसून राह्यली. खरं सांगतो, लय बरं वाटलं मले.

काल कौशल्याबाई घरी आल्या. संग पंकज, इस्त्रीच्या शर्टात, मान खाली. म्हणते, "गुरुजी, दोघायचं मन जुळलं. घाई नाही, शिकू द्या. फक्त हो म्हणा."

मी म्हणलं, "अहो बाई, दोघायलेही रक्त लागते! कोण कोणाले सांभाळन? अन् किती दिवस?"

म्हणते, "काऊन? साऱ्या बायांसमोर तुमीच तं म्हणले, बापानं खुशीनं हो म्हणलं!"

आता काय बोलता? मेलेला पोट्टा मी जगवला, त्याले नोकरी लावली, त्याचं लगन लावलं... अन् समोर जित्ता पोट्टा बसला, त्याले कोणत्या तोंडानं नाही म्हणू? पंकजले म्हणलं, चहा घे बाप्पा, थंडा होते.