एकदाचाच खर्च

नाही हो दादा, तुमच्या मोबाईलमध्ये डोकावले नाही मी — म्हणजे डोकावले, पण ते पंपाचं चित्र दिसलं म्हणून. आमच्या ह्यांची कंपनी ती. फिटर आहेत तिथे, लग्नाच्या आधीपासून. आणि तुम्ही तिचेच शेअर घ्यायला निघालात असं दिसलं, म्हणून तोंडातून निघून गेलं. घ्या की. मी कोण नको म्हणणारी, सातवी शिकलेली बाई. आमच्याकडेही आहेत, एका वर्षी बोनसच्या ऐवजी दिले होते. काय म्हणालात, नफा वाढतोय? वाढतोच. कामकाजाचा नफा म्हणतात त्याला, तो दर वेळी वाढतो. हे जेवताना रोज समजावून सांगतात, ऐकून ऐकून मला तोंडपाठ झालंय — थांबा हं, आत बघते जरा.

काही नाही, चालूच आहे अजून. माझा ढब्बू आहे आत. चौथं लागलंय त्याला. कानांची तपासणी आहे. त्या दाराला काच आहे ना, तिथून दिसतो बघा — कानांवर हे एवढाले हेडफोन आणि हातात लाकडी ठोकळा. तपासणाऱ्या बाई बटण दाबून आवाज सोडतात, तो ऐकू आला की ठोकळा डब्यात टाकायचा, असा खेळ करून घेतात. आत एकालाच बसू देतात, म्हणून हे बसलेत. तू गेलीस तर पोराच्या आधी तूच रडशील, म्हणाले. खरं सांगू? मला रडूबिडू काही येत नाहीये. सकाळपासून अंगाला भूल दिल्यासारखं झालंय. चहा घेतला तो गरम होता की गार, तेही कळलं नाही. तुमच्या आई झोपल्या वाटतं बसल्या बसल्या, तुमच्या खांद्यावर. झोपू द्या, त्यांचा नंबर लांब आहे.

तर काय सांगत होते — कामकाजाचा नफा. पंप विकून आले त्यातून पंप बनवायला लागले ते वजा करायचे, बस्स. कर्जाचं व्याज धरायचं नाही, कर धरायचा नाही, यंत्रं झिजतात तेही धरायचं नाही. आणि एखादा खर्च एकदाच आलेला असेल, तर तोही बाजूला काढायचा. का काढायचा? अहो, बरोबरच आहे ते. एखाद्या वर्षी पाणी शिरलं नि माल भिजला, तर त्यावरून धंदाच वाईट आहे असं कसं म्हणायचं? धंदा कसा चाललाय ते कळायला हवं ना. हे असंच समजावतात, आणि मला पटतं. पण मग एका वर्षी भट्टी बदलली, तो एकदाचाच खर्च. पुढच्या वर्षी खराब पंप परत आले, तो एकदाचाच. मग शेजारची शेड बंद केली, तिथल्या माणसांना हिशेब देऊन घरी पाठवलं — ह्यांच्यासोबत डबा खाणारी माणसं हो, आमच्या ढब्बूला बारशाला पाळणा आणलेला त्यांनी — तोही एकदाचाच. त्या दिवशी हे घरी आले, हातपाय धुतले नि म्हणाले, शेअर वर गेला. एवढंच म्हणाले. मी पानं वाढली.

दर वर्षी एकदाचंच काहीतरी येतं, मग ते एकदाचं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, दर वेळी वेगळं असतं ना गं, तेच ते परत येत नाही. खरंच की. भट्टी वेगळी, शेड वेगळी.

हसाल तुम्ही, पण ह्यांनी घरसुद्धा तसंच चालवायला घेतलं. पगार आला की किराणा, दूध, वीज वजा. घरभाडं बाजूला, फ्रिजचा हप्ता बाजूला, आजारपण तर बाजूलाच, कारण ते काय रोज असतं? आणि मग म्हणायचे, बघ, आपलं घर फायद्यात आहे. आमच्या सासूबाई खमक्या. त्या म्हणाल्या, "फायद्यात आहे ना रे? मग तो फायदा पिठाच्या डब्यात काढून दाखव, डबा कालपासून रिकामा आहे." किती हसलो होतो आम्ही तेव्हा. हेसुद्धा हसले. पण मोजायची पद्धत काही बदलली नाही. आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं. रात्री पाठ टेकताना आपण फायद्यात आहोत असं कुणी म्हटलं की झोप लागते हो.

कान? कान ना — पहिल्यांदा ठणकला तेव्हा त्याला दात येत होते. दातांमुळे, म्हटलं. मग आंघोळीचं पाणी गेलं. मग नणंदेच्या लग्नात गार वारा लागला. मग पाळणाघरातून सर्दी आणली, उशीवर पिवळा डाग होता सकाळी. दर वेळी वेगळं होतं ना काहीतरी. दर वेळी औषधाच्या दुकानातून थेंब आणले, दोन दिवसांत पोरगं खेळायला लागलं, संपलं. मग मी बोलावलं तरी तो बघेना. सासूबाई म्हणाल्या, बापावर गेलाय, नको ते ऐकतच नाही. शब्दही चारच येतात त्याला. आई, पाणी, गाडी, नको. पाळणाघरातल्या ताईंनी मागे लागून इथे पाठवलं.

मघाशी डॉक्टरांनी विचारलं, याआधी कान दुखला होता का, फुटला होता का कधी? हे म्हणाले, नाही, तसं विशेष काही नाही, एखाद्या वेळेस सर्दीने. खोटं नाही बोलले हो ते. त्यांना खरंच तसंच वाटतं. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, तेच मला सुधरत नाहीये. डॉक्टर म्हणाले, तपासणी चांगली आली तर घरी जा, नाहीतर कानात पाणी साठलंय ते काढावं लागेल, उशीर केला तर बोलणं मागे पडतं ते पडतंच. चांगली येईल, हे म्हणाले. जिन्यात दोनदा म्हणाले.

येतेय की चांगलीच. बघा ना, टाकतोय ठोकळे. हा टाकला. हा अजून एक. आता कानाशी धरून वाट बघतोय, ध्यान नुसतं — टाकला. मला वाटलं होतं तेवढं काही — 

दादा, एक मिनिट. तुम्ही बघता का जरा? तुमची नजर चांगली असेल. टेबलाखाली बघा. नाही, ढब्बूकडे नको, ह्यांच्याकडे. बाईंचं बोट बटणावर गेलं की हे — बघा. गुडघा. ह्यांचा गुडघा ढब्बूच्या पायाला लागतो, मग तो टाकतो. परत. बोट, गुडघा, ठोकळा. बाईंना टेबलाआडून दिसत नसणार. आणि ह्यांचा चेहरा बघा, कसा हसरा ठेवलाय, आणि घाम फुटलाय कपाळाला.

त्याला एकही आवाज येत नाहीये, दादा.

नको, तुम्ही नका उठू. तुमच्या आईंची मान पडेल. ती पिशवी इकडे द्या आणि पाय घ्या जरा आत, मला दार उघडायचंय.